बेडकाची हळद

आपल्या मराठी भाषेने सरड्यावर फार मोठा अन्याय केला आहे. निवडणुका जवळ आल्या आणि एखाद्या पुढाऱ्याने रातोरात पक्ष बदलला, की वर्तमानपत्रांना पहिली आठवण होते ती कुंपणावरच्या सरड्याची. साहेबांसमोर एक आणि त्यांच्या पाठीमागे दुसरेच बोलणारा कारकून, मुलगी पाहायला येताना साखर पेरणारे आणि याद्या करायला बसल्यावर आवाज चढवणारे व्याही, ही सारी मंडळी आपण त्या बापड्याच्या खात्यावर मांडतो आणि मोकळे होतो. रंग बदलला की तो लबाड, असे आपल्या वाक्प्रचारांनी एकदा ठरवून टाकले आहे. आणि वाक्प्रचारांच्या न्यायालयात अपील चालत नाही.

पण सरड्याची बाजू कोणी ऐकून घेतली आहे काय? आपल्या बागेतल्या साध्या सरड्याचे डोके आणि गळा लालभडक होतो तो विणीच्या दिवसांत, आणि तोही नराचाच. 'मी नर आहे, ही फांदी माझी आहे,' अशी ती चक्क दारावर लावलेली पाटी असते. ह्यात लपवाछपवी कसली?

असो. सरड्याचे वकीलपत्र आज मी घेणार नाही. आज मला बोलायचे आहे ते रंग बदलण्यात त्याच्यापेक्षा तसूभरही कमी नसलेल्या, पण भाषेच्या नजरेतून सुटलेल्या एका प्राण्याविषयी. बेडकाला मराठीने काय काय दिले पाहा. विहिरीला जग समजणारा कूपमंडूक दिला, शाळेच्या मैदानावरची बेडूकउडी दिली, बैलाएवढे होण्याच्या नादात फुगून फुटलेला गोष्टीतला बेडूकही दिला. त्याच्या रंगाबद्दल मात्र अवाक्षर नाही. वास्तविक आपल्या पूर्वजांचे तिकडे लक्ष होते. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलात बेडकांवर एक अख्खे सूक्त आहे. पहिल्या पावसाने जागे होऊन ओरडणाऱ्या बेडकांचे आवाज त्यात जसे वेगवेगळे सांगितले आहेत, तसेच त्यांचे रंगही. कोणी ठिपक्याठिपक्यांचा, तर कोणी हिरवट. इतक्या बारकाईने पाहणाऱ्यांचे आपण वारस. पण आज पावसाळ्यात बेडूक कोणत्या रंगाचा असतो असे विचारले, तर आपल्यापैकी बहुतेकजण 'मातकट' म्हणून मोकळे होतील.

त्यांनी जूनमध्ये एकदा कर्जतला किंवा खालापूरला जावे.

मुंबईहून कर्जतची गाडी नेरळजवळ आली की उजव्या हाताला माथेरानचा डोंगर उभा राहतो आणि समोर सह्याद्रीची भिंत दिसू लागते. एका अंगाला उल्हास नदी, दुसऱ्या अंगाला खोपोलीकडून येणारी पाताळगंगा, आणि मधे भाताची खाचरे. कर्जतला भातसंशोधनाचे सरकारी केंद्र आहे, आणि तिथून निघालेल्या भाताच्या जाती 'कर्जत' ह्याच नावाने शेतकऱ्यांच्या तोंडी आहेत, एवढे सांगितले म्हणजे इथल्या मातीची ओळख पुरे. मे महिन्यात ही खाचरे भाजून निघालेली असतात. ढेकळांना भेगा, बांधांवरचे गवत वाळून गेलेले. त्याच मातीखाली, चांगला हातभर खोल, आपला नायक झोपलेला असतो.

मृगाचा पहिला मोठा पाऊस कोसळतो. रात्रभर पत्र्यावर ताशे वाजतात, आणि सकाळी पाहावे तो खाचरात गुडघाभर पाणी. त्या गढूळ पाण्यात कोणी लिंबे उधळून ठेवावीत तसे पिवळेधमक बेडूक बसलेले असतात. पिवळे म्हणजे सौम्य पिवळसर नव्हेत. हळदीच्या वाटीत बुडवून काढल्यासारखे. ओरडताना त्यांच्या गळ्याच्या दोन्ही बाजूंना दोन फुगे फुगतात, ते निळे. आपल्या आया पांढऱ्या कपड्यांना घालीत त्या निळीसारखे. पिवळ्या अंगावर ते निळे फुगे पाहिले की देवाने इथे रंग जरा भडकच वापरले असे वाटते.

हा आपला नेहमीचाच मोठा बेडूक. इंग्रजीत त्याला 'इंडियन बुलफ्रॉग' म्हणतात, शास्त्रीय नाव होप्लोबॅट्राकस टायगेरिनस. चांगला वाढलेला बेडूक पंधरा सेंटिमीटरच्या पुढे जातो, म्हणजे ओंजळ भरून टाकतो. वर्षाचे बाकीचे दिवस तो हिरवट-तपकिरी, पाठीवर गडद डाग, मधोमध बहुधा एक फिकट रेघ असा असतो. चिखलात बसला तर पाय पडेपर्यंत दिसायचा नाही. आणि हाच गृहस्थ पहिल्या पावसानंतर असा नटतो. नटतो तो नरच. मादी आपल्या मातकट रंगातच राहते. दोन-चार दिवसांत घाई सरली की नराचा पिवळा रंगही उतरू लागतो आणि तो पुन्हा चिखलासारखा चिखल.

हे दृश्य पाहायची सवय सुटली म्हणजे काय होते, ते 2020 च्या जुलैत दिसले. मध्य प्रदेशात नरसिंहपूर येथे पाण्याच्या डबक्यात जमलेल्या अशाच पिवळ्या बेडकांचे चलच्चित्र घरोघरच्या मोबाईलवर फिरले, आणि देशभर लोक चकित झाले. त्यांतल्या कित्येकांच्या आजोबांनी ते दर पावसाळ्यात आपल्या शेतात पाहिले असेल.

माझा एक विद्यार्थी खालापूरकडचा. वर्गात शब्दशक्ती शिकवताना 'रंग बदलणे' हे लक्षणेचे उदाहरण मी घेतले, तेव्हा तास संपल्यावर तो जवळ आला आणि म्हणाला, "सर, आमच्याकडं बेडूक खरंच रंग बदलतात. येता का बघायला?" त्याच्या आग्रहाखातर जूनमधल्या एका रविवारी मी गेलो. घरामागच्या खाचराच्या बांधावर छत्री घेऊन आम्ही उभे होतो. आजी सुपात तांदूळ घेऊन पडवीत बसल्या होत्या. शहरी माणसाला साजेसा प्रश्न मी विचारला, "आजी, हे पिवळे बेडूक विषारी तर नसतात?" आजींनी सुपातून डोके वर न काढताच सांगितले, "मास्तर, लग्नात नवऱ्याला हलद लावतात ना? ही तशीच. पावसानं लावलेली."

मंडळी, प्राणिशास्त्राच्या पुस्तकांनी ह्या गोष्टीला मोठे लांबलचक नाव दिले आहे, पण आजींच्या दोन वाक्यांत त्यातले बहुतेक सारे आले आहे. ही हळद आहे, तिला मुहूर्त आहे, ती नवऱ्या मुलाला लागते आणि ती उतरते. आता राहिले दोन प्रश्न. ही हळद लागते कशी, आणि कशासाठी?

'कशी' हे आधी पाहू. बेडकाच्या कातडीत रंगाच्या पेशींचे तीन थर असतात. सर्वांत वरच्या थरात पिवळ्या रंगद्रव्याच्या पेशी. त्यांच्याखाली चकचकीत पेशी. त्यांत रंग मुळी नसतोच, असतात ते अभ्रकाच्या कपच्यांसारखे बारीक स्फटिक, आणि ते उजेडातला निळा भाग तेवढा परत फेकतात. सर्वांत खाली काळ्या पेशी. ह्यांचा आकार अनेक हातांच्या चांदणीसारखा, आणि पोटात काजळाचे बारीक कण. ही सारी दौलत एवढीच. आपल्याला हिरवा दिसणारा बेडूक पाहा: बहुतेक हिरव्या बेडकांच्या कातडीत हिरवा रंग औषधालाही नसतो! खालून येणारा निळा उजेड वरच्या पिवळ्या पेशींतून गाळून येतो आणि आपल्या डोळ्यांना हिरवा भासतो. संग्रहालयात औषधी द्रवात ठेवलेले हिरवे झाडबेडूक काही काळाने निळे पडतात, ते ह्याच कारणाने. वरचे पिवळे द्रवात विरघळून जाते आणि खालचे निळे उघडे पडते.

आता रंग बदलण्याची किल्ली आहे ती त्या तळच्या काळ्या पेशींत. काजळाचे कण पेशीच्या सगळ्या हातांतून पसरले की कातडी काळवंडते. तेच कण मध्यभागी गोळा झाले की काळोख ओसरतो आणि वरचे पिवळे उजळून निघते. खोलीतले पडदे ओढले की भिंतीचा रंग उदास वाटतो आणि बाजूला सारले की तोच रंग हसू लागतो, तसे हे आहे. नवा रंग कोणी लावीत नाही; असलेला उघडा होतो.

पण हे पडदे सारतो कोण? ह्याचा माग काढणाऱ्यांत एक नाव आपल्या वडील मंडळींच्या ओळखीचे निघेल. 'मॅथेमॅटिक्स फॉर द मिलियन' हे 1936 साली निघालेले गाजलेले पुस्तक लिहिणारे लॅन्सलॉट हॉगबेन, हे मूळचे प्राणिशास्त्रज्ञ. 1920 नंतरच्या वर्षांत एडिंबरोला असताना त्यांनी आणि फ्रँक विंटन ह्यांनी दाखवून दिले की बेडकाच्या मेंदूच्या तळाशी असलेली पियूषिका ग्रंथी काढून टाकली, तर तो काळोख्या आणि ओल्या जागीही फिकाच राहतो. आणि त्या ग्रंथीचा अर्क टोचला की काळवंडतो. म्हणजे हुकूम रक्तातून जातो. डोळ्यांना भोवतालची जमीन काळी दिसली, की ग्रंथी रस सोडते आणि काजळ पसरते. पुढे हॉगबेन दक्षिण आफ्रिकेत केपटाऊनला गेले. तिथल्या बेडकांवर हेच प्रयोग करताना असे ध्यानात आले, की ह्या ग्रंथीच्या अर्काने मादी अंडी घालू लागते. त्यातूनच 1930 नंतरच्या दशकात स्त्रीला दिवस गेले आहेत की नाहीत हे ओळखण्याची बेडकावरची परीक्षा निघाली आणि 1960 च्या सुमारापर्यंत जगभरच्या इस्पितळांत ती वापरात होती. बेडकाच्या रंगाचा माग काढता काढता शास्त्र माणसाच्या पाळण्यापर्यंत आले, ते असे.

ती झाली काळे होण्याची वाट. पिवळे होण्याचा झटपट हुकूम दुसऱ्याच रसाचा. आपल्या अंगणात दिव्याखाली किडे टिपायला येणारा, अंगभर चामखिळी असलेला भेक तुमच्या ओळखीचा आहे. त्याचाही नर जोडीच्या एक-दोन दिवसांत लिंबासारखा पिवळा होतो. व्हिएन्नामधील संशोधकांनी 2022 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ह्या भेकांना ॲड्रेनॅलिन आणि त्याचे भावंड नॉरॲड्रेनॅलिन टोचून पाहिले, आणि दहा-एक मिनिटांत ते पिवळे झाले. ॲड्रेनॅलिन म्हणजे परीक्षेच्या हॉलमध्ये आपली छाती धडधडवणारा तोच रस. बोहोल्यावर चढताना आपण लाल होतो, भेक पिवळा होतो. आतला निरोप्या एकच!

ह्यावरून कोणी म्हणेल, म्हणजे बेडूक फक्त लग्नातच रंग बदलतो की काय? तसे नाही. रोजचा बारीकसारीक बदल निराळा, आणि त्याचा हेतूही निराळा. नेरळ-कर्जतकडच्या जुन्या घरांतल्या न्हाणीघरात पावसाळ्यात भिंतीला चिकटून बसलेला एक सडपातळ बेडूक असतो. बोटांच्या टोकांना गोल गाद्या, डोळे मोठे, पाय दुमडून बसला की भिंतीला आलेला पोपडाच वाटावा. इंग्रजांनी त्याला 'चुनाम फ्रॉग' म्हटले ते आपल्या चुन्यावरून. कारण चुन्याच्या भिंतीवर बसणे त्याला आवडते आणि तिथे तो फिकट, जवळजवळ पांढरट होऊन जातो. तोच झाडाच्या खोडावर पाहा, तपकिरी आणि ठिपकेदार. ऊन, कोरडी हवा आणि उजळ भिंत असली की फिका. गारवा, ओल आणि काळोखी जागा असली की गडद. फिक्या अंगावर ऊन कमी शोषले जाते, गडद अंगावर जास्त. म्हणजे रंग हा त्याचा पंखा, त्याची शाल आणि त्याची लपण्याची जागा, तिन्ही एकदम. माथेरानच्या डोंगरात लीथचा बेडूक म्हणून एक छोटा तपकिरी बेडूक आहे. बूलेंजर ह्या शास्त्रज्ञाने 1888 साली माथेरानच्याच नमुन्यांवरून त्याचे वर्णन केले. ओल्या खडकावर आणि पाचोळ्यात तो असा मिसळतो, की उडी मारेपर्यंत तो आहे हे कळतच नाही.

हे सारे लपणे. मग खाचरातला नर नेमका उलट का वागतो? बगळे, ढोकरी, साप, मुंगूस सगळे जागे असताना हा गडी भर पाण्यात पिवळाजर्द होऊन, वर ढोल बडवीत का बसतो? वर्षभर जीव वाचवणारा रंग ऐन वेळी का टाकतो?

कारण गर्दी. मुंबईच्या वाचकाला हे अधिक सांगायला नको. दादरच्या पुलावर संध्याकाळी सहाला आपला माणूस शोधायचा असेल, तर आपण काय करतो? लाल पिशवी हातात धर म्हणून सांगून ठेवतो. बेडकांचे तसेच आहे. ह्यांचे लग्नसराईचे दिवस महिनोन्महिने चालत नाहीत. पाऊस पडला, डबके भरले की एक-दोन दिवसांत सारे उरकायचे. त्या एका खाचरात डझनावारी नर, माद्या मोजक्या. प्रत्येक नर हलेल त्याला मिठी मारायला धावतो. मग ती मादी असो, दुसरा नर असो, नाहीतर वाहत आलेली चप्पल असो. दुसऱ्या नराला मिठी मारण्यात वेळ जातो, शक्ती जाते. आणि प्रकरण नुसते विनोदी नाही. अशा झोंबाझोंबीत पाच-सहा नर एकाच मादीला बिलगले, तर ती पाण्याखाली दबून मरतेही.

अशा वेळी पिवळा रंग काय सांगतो? 'मी नर आहे. माझ्याकडे वेळ घालवू नकोस.' एवढेच. युरोपात दलदलीत राहणारा एक बेडूक आहे. त्याचे नर अशाच थोड्या दिवसांसाठी निळे होतात. ऑस्ट्रियातील संशोधकांनी निळ्या आणि तपकिरी अशा दोन रंगांच्या बेडकांच्या प्रतिकृती त्यांच्या तळ्यात ठेवल्या. 2012 साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की नर तपकिरीकडे कितीतरी अधिक वेळा गेले आणि तिलाच मिठी मारू पाहात होते; निळीला त्यांनी त्या मानाने सोडून दिले. 2017 साली जगभरच्या अशा हंगामी रंग बदलणाऱ्या बेडकांची मोजदाद प्रसिद्ध झाली, तीत 178 जाती निघाल्या. त्यांतल्या झाडबेडकांच्या एका मोठ्या कुळाचा वंशवृक्ष तपासला, तेव्हा असेही दिसले की आधी मोठ्या घोळक्यांनी जमण्याची रीत आली आणि मग हे रंग आले. गर्दी आधी, हातातली लाल पिशवी मागाहून.

चौकस वाचक इथे मला अडवतील. रात्रीच्या अंधारात पिवळा काय नि काळा काय, बेडकाला दिसणार कसे? एक तर हा मेळा दिवसाही चालू असतो. आणि रात्रीचे म्हणाल, तर बेडकाची नजर ह्या बाबतीत आपल्यापेक्षा श्रीमंत आहे. मंद उजेडात काम करणाऱ्या पेशी आपल्या डोळ्यांत एकाच प्रकारच्या असतात, म्हणून चांदण्यात आपल्याला सारे करडे दिसते. बेडकाच्या डोळ्यांत त्या दोन प्रकारच्या असतात. स्वीडनमध्ये लुंड येथील विद्यापीठातल्या संशोधकांनी 2017 साली दाखवले, की माणसाला काहीच दिसत नाही इतक्या अंधारातही बेडूक रंगारंगांत फरक करू शकतो.

म्हणजे ज्याला आपण नटणे म्हणतो ती ओळखपत्र छातीवर लावण्याची तऱ्हा आहे. आणि तिची किंमत मोठी आहे. जो रंग सोबत्याला दिसतो तो बगळ्यालाही दिसतो. म्हणूनच ही हळद वर्षभर अंगावर ठेवणे परवडत नाही. काम झाले की उतरवावीच लागते. वर्षभर लपून राहणारा प्राणी वर्षातून दोन दिवस जिवावर उदार होऊन आपण कोण ते उघड सांगतो. ह्याला आपण लबाडी म्हणणार असलो, तर प्रामाणिकपणाला दुसरा शब्द शोधावा लागेल.

बगळ्याप्रमाणेच हा रंग माणसाच्याही डोळ्यांत भरला. एके काळी भारतातून बेडकांच्या तंगड्या वर्षाला हजारो टन परदेशी जात. पकडणारे नेमके ह्याच रात्री बत्ती घेऊन निघत, कारण आवाजाने जागा कळे आणि रंगाने बेडूक. 1985 साली ह्या बेडकाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण आले आणि 1987 साली भारताने ही निर्यातच बंद केली. शेतातला बेडूक गेला की किडा वाढतो आणि किड्यासाठी औषध विकत आणावे लागते, हा हिशेब तोवर पुष्कळांना कळून चुकला होता. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली ह्या बेडकाला पकडणे किंवा मारणे हा गुन्हा आहे. जगातल्या उभयचरांपैकी सुमारे 41 टक्के जाती धोक्यात आहेत, असे 2023 साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक पाहणीत आढळले. आपला हा बेडूक सुदैवाने अजून त्या यादीत नाही. सबंध देशाचा हिशेब मांडला, तर तो पुष्कळ आहे.

पण बेडूक सबंध देशात राहात नाही. तो एका खाचरात राहतो. आजींच्या घरामागून पुढे थोडे चालत गेलो, तेव्हा पलीकडच्या खाचरात मुरुमाचा भराव घातलेला दिसला. आखणी झालेली, सिमेंटचे खांब पुरलेले, कोणा शहरी कुटुंबाचा बंगला होणार होता. त्यात वावगे काही नाही. आपणच ते, पावसाळ्यातले दोन दिवस शांत जागा असावी म्हणून पै पै साठवणारे. भरावाच्या कडेला ट्रकच्या चाकांनी पडलेल्या चरांत हातभर पाणी साचले होते, आणि त्या चरांत सात-आठ पिवळे नर बसून जीव तोडून ओरडत होते. त्यांना पाऊस कळला होता, मुहूर्त कळला होता, अंगाला हळद लागली होती. मांडव मात्र कोणी उचलून नेला होता. माझा विद्यार्थी म्हणाला, "सर, हे पाणी दोन दिवसांत निचरून जाईल."

ते दोन दिवस पुरेसे नसतात. अंडी फुटून पिल्ले निघायला फारसा वेळ लागत नाही. पण त्या शेपटीवाल्या पिल्लांचा बेडूक व्हायला कित्येक आठवडे पाणी टिकावे लागते. मादी हजारो अंडी घालते, ती मासे नसलेल्या अशाच उथळ, हंगामी पाण्यात. त्यातली पिल्ले डासांच्या अळ्याही खातात, एकमेकांनाही खातात. त्यांतून जी थोडी उरतात ती भाद्रपदात बांधावर येतात. तळे बुजवले तर गावात बोभाटा होतो. खाचरातल्या खोलगट जागेची मात्र सात-बारावर 'डबके' म्हणून नोंद नसते. ती बुजली तर तक्रार करणारा एकच, आणि तो दोनच दिवस ओरडतो.

तेव्हा, वाचकहो, दिवाळीच्या फराळाबरोबर एवढे लक्षात ठेवा; जून यायला अजून अवकाश आहे. कर्जत-खालापूरकडे ज्यांचे घर आहे किंवा व्हायचे आहे, त्यांनी भराव घालताना जमिनीचा मूळचा खोलगट कोपरा तेवढा राखावा. बागेत कारंजे बांधण्यापेक्षा ते स्वस्त पडते. त्यात मासे सोडू नयेत, आणि तिथे गवताचे औषध मारू नये. पहिल्या मोठ्या पावसाच्या रात्री त्या भागातून मोटारीने जाणाऱ्यांनी गावरस्त्यांवर वेग जरा कमी ठेवावा. दिव्याच्या झोतात रस्त्यावर जे पिवळे दिसेल ते दरवेळी पिकून पडलेले पान नसते. कोणी एक नवरदेव पाणी शोधत निघालेला असतो. आणि मुलांना बरोबर न्यावे. हात लावू न देता बांधावरून दाखवावे. चलच्चित्रात तो पिवळा रंग दिसतो. पण तो नर ज्या मातकट मादीची वाट पाहात असतो ती ओळखायची, तर बांधावर उभेच राहावे लागते.

रंग बदलणाऱ्यांच्या वतीने माझे अपील मी दाखल केले आहे. पुढच्या निवडणुकीत एखादा पुढारी टोपी बदलील, तेव्हा त्याला काय म्हणायचे ते तुम्ही ठरवा. पण बेडकाचे नाव मात्र त्याला देऊ नका. बेडूक रंग बदलतो तो आपण कोण आहोत हे सांगण्यासाठी.